रुळाला जीभ असते

१
गोंदिया जंक्शनला रेल्वेच्या कागदांत एकच अक्षर आहे : जी. रायपूरला आर, जालन्याला जे. बाकी बहुतेक स्थानकांना दोन, तीन, चार अक्षरं लागतात. पाचवीच्या इंग्रजीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर नुसतं जी काढलं. "हे काय?" मागच्या बाकावरून एका मुलाचं उत्तर आलं, "गोंदिया, सर." आरक्षणाच्या तिकिटावर पाहिलं होतं. त्याचे वडील पुण्याला बांधकामावर जातात.

२
आमची शाळा आमगाव तालुक्यात, मुंबई–हावडा मुख्य मार्गापासून हाकेच्या अंतरावर. मालगाडी आली की मी वाक्य अर्धं सोडून थांबतो. मुलं डबे मोजतात. गाडी गेली की वाक्य पुरं करतो. डबे मराठीत मोजतात की इंग्रजीत, याकडे मी पुष्कळ वर्षांनी लक्ष दिलं. निम्मी मुलं वीसनंतर इंग्रजीत जातात. कुणी शिकवलेलं नाही.

३
दहावीच्या इंग्रजीत 'वर्ड रजिस्टर' असतं. एक विषय देतात, त्याच्याशी जोडलेले शब्द लिहायचे. 'रेल्वे' दिलं की ट्रेन, तिकीट, स्टेशन, इंजिन आणि मग पेन थांबतं. तोच प्रश्न सातवीला घरचा अभ्यास म्हणून दिला. अट एकच : घरातल्या नाहीतर शेजारच्या रेल्वेतल्या माणसाला विचारून या.

दुसऱ्या दिवशीची यादी : फिसप्लेट, कीमन, गँग, बीट, पेंडरोल, टंगरेल, गेज, पॅकिंग, कॉशन, ब्लॉक, टेंपिंग, लालटेन, सिलीपाट. शेवटचे दोन म्हणजे लँटर्न आणि स्लीपर. ते मी तसेच ठेवले, फक्त शेजारी इंग्रजी स्पेलिंग लिहिलं.

४
फिशप्लेट. दोन रुळांची टोकं जोडणारी पोलादी पट्टी, चार बोल्टांची. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस अॅडम्स यांनी काढली, १८४७ साली पेटंट घेतलं. त्याआधी सांध्यावर रुळाची टोकं खालीवर व्हायची आणि प्रत्येक चाक तिथं आपटायचं.

सहावीतली मुलगी म्हणाली, "सर, हे त प्लेट आहे. मासोळी कुठी हाये?"

मासोळी नाही. जहाजाची डोलकाठी तडकली की खलाशी तिला बाजूनं लाकडाच्या पट्ट्या आवळून बांधत. त्या पट्टीचं नाव फिश. मूळ शब्द फ्रेंच, ठोकून पक्कं करणं या अर्थाचा. आपल्याकडे मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या बांधतात, तसंच.

तिनं वहीत दोन ओळी लिहिल्या. फिश : मासोळी. फिश : कामटी. दुसरी ओळ माझ्या शब्दकोशात नव्हती. आता आहे.

५
स्लीपर, रुळाखालचा. स्लीपर, झोपायचा डबा. स्लीपर, पायातली चप्पल. पहिल्या दोहोंचं स्पेलिंग एक, तिसऱ्याचं वेगळं. आमच्या वर्गात तिन्हींचा उच्चार एकच आहे, आणि चुका तिसऱ्याच्या स्पेलिंगमध्ये होतात, कारण तीच वस्तू सगळ्यांच्या पायात असते आणि तिचं नाव कुणी कधी लिहिलेलं नसतं.

६
रुळाला डोकं असतं, पाय असतो. गाडी एका लाइनीवरून दुसरीवर नेणाऱ्या सांध्यात जीभ असते : टंग रेल, निमुळती, हलणारी. जिभेचं हलतं टोक म्हणजे टो, पायाचं बोट. तिचं दुसरं टोक हील, टाच. पुढं क्रॉसिंग आलं की तिथं नोज, नाक. नाकाच्या अलीकडं थ्रोट, घसा. दोन्ही अंगांना विंग रेल, पंख.

पाचवीच्या पुस्तकातले अवयव मी याच क्रमानं घेतो. खडूनं जमिनीवर सांधा काढायचा. एका मुलानं जिभेवर उभं राहायचं, एकानं नाकावर. "व्हेअर इज द टंग?" विचारलं की जिभेवरच्यानं हात वर करायचा. हील हा शब्द त्या दिवशी ज्यांनी पायानं शिकला, त्यांच्यापैकी एकानंही तो पुढं हिलशी घोटाळला नाही.

पॉइंट्समनला मराठीत सांधेवाला म्हणत. किती नेमका शब्द आहे.

७
मुलांना रुळावर कधीच नेत नाही. हे मी पहिल्या सभेत पालकांना सांगतो आणि वर्षभर पुन्हा पुन्हा मुलांना. जे पाहायचं ते फाटकाच्या अलीकडून, नाहीतर कागदावर.

८
शाळेच्या कुंपणाचा एक खांब म्हणजे जुना रूळ. कुणी कधी पुरला माहीत नाही. त्याच्या पोटावर उठावाची अक्षरं आहेत, गंजानं बुजलेली. सातवीच्या दोघांनी त्यावर कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासली. हळूहळू उमटलं : ९०, मग आर.

नव्वद म्हणजे एका यार्डाला नव्वद पौंड वजन. आर म्हणजे रिव्हाइज्ड, सुधारलेला नमुना. मग पौंडाचे किलो, यार्डाचा मीटर : मीटरला साधारण पंचेचाळीस किलो. हल्ली मुख्य मार्गावर साठ किलोचे रूळ असतात. तो तास इंग्रजीचा होता की गणिताचा, मला सांगता येणार नाही.

री म्हणजे पुन्हा. रिव्हाइज, रिपीट, रिटर्न, रिपेअर. रिपीट त्यांना फाटकावरून माहीत होता. त्याबद्दल पुढं.

९
फाटकावरचा फोन. गाडी येणार असली की स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतात, गाडीचा नंबर आणि दिशा सांगतात. गेटमन ऐकलेलं पुन्हा म्हणून दाखवतो. फाटक लावतो. मग आपल्याजवळच्या तक्त्यातला पुढचा दोन आकडी नंबर सांगतो. मास्तर तो वहीत लिहितात. वापरलेला नंबर खोडायचा, पुन्हा वापरायचा नाही. तक्त्यावर नंबर क्रमानं नसतात, म्हणून अंदाजानं सांगता येत नाही. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात.

नंबराला स्वतःचा काही अर्थ नाही. बोलणारा तोच माणूस आहे, त्यानं नीट ऐकलं आहे आणि फाटक खरंच लागलं आहे, एवढ्याची ती खूण.

आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील गेटमन आहेत. शिक्षण आठवीपर्यंत. पाहुण्यांशी इंग्रजीत एक वाक्य बोलणार नाहीत. फोनवर मात्र 'अप', 'डाउन', 'रिपीट', 'प्रायव्हेट नंबर' हे शब्द इतके स्वच्छ उच्चारतात की पलीकडच्याला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

१०
तोच खेळ वर्गात. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात, एकमेकांचा चेहरा दिसत नाही. एकाकडे निरोप, दुसऱ्याकडे नंबरांचा तक्ता. निरोप इंग्रजीत, पाच ते आठ शब्दांचा : "द रेड बॅग इज अंडर द टेबल." दुसऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणायचा, मग नंबर द्यायचा. एक शब्द चुकला तर नंबर मिळत नाही.

पहिल्या आठवड्यात 'द' सगळ्यांनी खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात 'अंडर'च्या जागी 'ऑन' आलं आणि बॅग सापडली नाही. तेव्हापासून छोट्या शब्दांकडं लक्ष गेलं. व्याकरणाच्या तक्त्यानं जे तीन वर्षं झालं नव्हतं, ते एका न सापडलेल्या दप्तरानं झालं.

११
गोंदियात रस्त्यालगत एका क्लासची पाटी : नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी.

गेटमनला आठ शब्द लागतात. ते आयुष्यभर चुकायचे नसतात.

१२
फोनवर थर्टीन आणि थर्टी सारखेच ऐकू येतात. फिफ्टीन आणि फिफ्टीही. म्हणून एकेक आकडा सुटा सांगायचा : वन थ्री, थ्री झिरो. मराठीत एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांचंही तेच. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' छापलं तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वेळी फोनवर आकडे सांगणाऱ्या माणसांना कुणी विचारायला हवं होतं.

१३
हॅलो हा शब्द फोनसाठी एडिसनचा. बेलला अहॉय हवा होता, जहाजावरची हाक. आमच्या मुली फोन उचलून म्हणतात, "हा, कोन बोलते?" हे बरोबर आहे. आधी विचारायची गोष्ट तीच.

१४
आमच्या इकडच्या झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. पाणी नव्हे पानी, डोळा नव्हे डोरा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास उभा केला म्हणून आता निदान तिचं नाव तरी माणसं आदरानं घेतात. शाळेत मात्र मराठीच्या तासाला याच मुलांच्या वहीत लाल रेघा असतात.

इंग्रजीतही ण नाही, ळही नाही. इंग्रजीच्या तासाला या दोन अक्षरांपायी एकाही मुलाचं चुकत नाही. अडतं ते श पाशी : शेडचं सेड होतं, फिशचं फिस. तेवढं रोज दहा मिनिटं करून घेतो. पण एक तास असा आहे की ज्यात झाडीतलं मूल नि पुण्याचं मूल एकाच रेषेवरून सुरू करतात, हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतो.

१५
पेंडरोल. रूळ काँक्रीटच्या स्लीपरला घट्ट धरणारी वळलेली स्प्रिंग. पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेच्या इंजिनिअरनं १९५० च्या दशकात काढली. पांडेतला पांड, रोल्फसेनमधला रोल : पांड्रोल. आपल्याकडे तिचं पेंडरोल झालं.

वर्ड बिल्डिंगचा धडा मी याच शब्दानं सुरू केला. मग मुलांनी आपापली नावं आडनावांशी जोडली. एक तास गेला. कुणाला कंटाळा आला नाही. शेवटी एकीनं विचारलं, "सर, पांडे म्हंजे आपल्या इकडचे का?" नाही. पण नावं अशी भेटतात.

१६
एक निवृत्त कीमन, वर्गातल्या एका मुलाचे आजोबा. वर्गात बोलावलं तर आधी नको म्हणाले, मग धुतलेला सदरा घालून आले. खुर्ची दिली, बसले नाहीत.

रोज आपला तुकडा पायी तपासायचा, पाच-सहा किलोमीटर. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी, धोक्याचे फटाके. रूळ धरून ठेवणारी चाबी सैल झाली की ठोकून बसवायची. की म्हणजे चावी, पण इथं कुलूप नाही.

त्यांनी टेबलावर बोटाच्या पेरानं दोन ठोके मारले. पहिला भरीव, दुसरा जरा पोकळ. "पक्की," म्हणाले. "ढिली." मग मुलांना डोळे मिटायला सांगितलं आणि पुन्हा ठोके मारत विचारत गेले. टाइट, लूज, टाइट, टाइट, लूज. हे शब्द त्यांनी स्वतःच इंग्रजीत घेतले. सातवीचे एकोणतीस जण ओरडून उत्तरं देत होते आणि आजोबा प्रत्येक वेळी मान हलवत होते.

जाताना मला म्हणाले, "गुरुजी, मले इंग्रजी येत नाही."

१७
जुन्या लाइनीवर तेरा मीटरचे रूळ. दर सांध्यावर एक ठोका. सत्तेचाळीस सेकंदांत जितके ठोके, साधारण तितका ताशी किलोमीटरमध्ये वेग. मुलांना हिशेब करायला दिला, बरोबर आला.

आता तो ठोका जवळजवळ गेला. भिलाईच्या कारखान्यातून दोनशे साठ मीटरचे जोडलेले रूळ येतात, आणि तेही जागेवर एकमेकांना वितळवून जोडतात. अॅल्युमिनिअमची भुकटी, लोखंडाचं ऑक्साइड, एक ठिणगी : थर्मिट. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिटनं १८९० च्या दशकात शोधलं. थर्म म्हणजे उष्णता. थर्मामीटर, थर्मास, थर्मल. तिरोड्याला थर्मल पॉवर स्टेशन आहे. मुलांना थर्मल म्हणजे तिरोडा एवढंच माहीत होतं.

१८
मेमध्ये रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. तेरा मीटरचा रूळ चाळीस अंशांनी तापला तर सुमारे सहा मिलिमीटर वाढतो. सुट्या रुळांत त्यासाठी फट असते. सलग जोडलेल्या रुळाला फट नाही, तो आतल्या आत दाब सोसतो. फारच झालं तर लाइन आडवी वाकते. याला बकलिंग म्हणतात. आपलं बक्कल त्याच शब्दाचं : पट्ट्याचं बक्कल, पोलिसाचा बक्कल नंबर.

तो दाब नीट जुळवून घेण्याच्या कामाला डी-स्ट्रेसिंग म्हणतात. ठरलेल्या तापमानाला रूळ मोकळा सोडतात, थोडा वेळ तसाच ठेवतात, मग पुन्हा बांधतात.

दहावीच्या मुलांनी स्ट्रेस हा शब्द फक्त परीक्षेच्या संदर्भात ऐकला होता.

१९
नॅरो हा शब्द गोंदियात कुणाला शिकवावा लागत नसे. छोटी लाइन, नॅरोगेज, दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेज १६७६. गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे छोटी गाडी जायची, नागभीड-चांदा फोर्टकडेही. आता दोन्ही मार्ग ब्रॉडगेज आहेत. यंदाच्या सहावीत नॅरो कुणाला आलं नाही. ब्रॉड मात्र आलं.

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. सहल न्यायची आहे.

२०
मन लागलेले शब्द : गँगमन, कीमन, गेटमन, पॉइंट्समन, पेट्रोलमन.

गँगमनचा आधी ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर. मेंटेन अधिक अर. या शब्दात मन नाही. आठवीतल्या एका मुलीची मावशी ट्रॅक मेंटेनर आहे, गिट्टीत काम करते. आम्ही गिट्टीच म्हणतो. बॅलास्ट हा जहाजाचाच शब्द, तळाशी भरायच्या ओझ्याचा.

ड्रायव्हरचा लोको पायलट झाला. २०२२ मध्ये गार्डचा ट्रेन मॅनेजर झाला. लोक अजून गार्डच म्हणतात.

२१
'रेल्वे'च्या अक्षरांतून शब्द करा. रेल, लायर, वेल, अवे, वेअरी. पाचवीतल्या मुलानं एल खोडला, उरलेली अक्षरं हलवली आणि एअरवे केलं. मग खिडकीतून बोट दाखवलं. बिरसीचं विमानतळ त्याच दिशेला आहे.

२२
गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या आपल्या यंत्रणेचं आधीचं नाव लांबलचक इंग्रजी होतं, आद्याक्षरांनी टीकॅस. आता तिचं नाव कवच. इंग्रजी वर्तमानपत्रं तोच शब्द रोमन अक्षरांत छापतात. एक शब्द त्या बाजूला गेला.

२३
गोंदियाच्या फलाटावर एकच घोषणा मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत होते. मुलांना तिन्ही पाठ आहेत, सुरासकट. मी तिन्ही फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या आणि क्रियापद कुठं बसलंय ते विचारलं. मराठीत शेवटी. हिंदीत शेवटी. इंग्रजीत मध्ये. पंधरा मिनिटांत हा धडा संपला.

२४
एका पालकानं विचारलं, "हे सगळं परीक्षेत येते काय?" प्रश्न रास्त आहे. त्यांनी मुलीसाठी दुसऱ्या गावच्या खाजगी शाळेची फी एक वर्ष भरली, पुढं जमलं नाही, म्हणून ती आमच्याकडं आली. मी म्हटलं, वर्ड रजिस्टर येतं, निरोप लिहिणं येतं, संवाद पुरा करणं येतं. आणि जे येत नाही तेही तिला यायला हवं. त्यांना दुसरं वाक्य पटलं का, कळलं नाही. मुलगी वर्गात आहे.

२५
फाटकं कमी होत आहेत. ब्रॉडगेजवर माणूस नसलेलं एकही फाटक राहिलेलं नाही, आणि माणसाच्या फाटकांच्या जागीही पूल नाहीतर अंडरपास येतोय. हे चांगलंच आहे, जीव वाचतात. २०२५ मध्ये गोंदिया–बल्लारशा मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रानं मंजुरी दिली, २४० किलोमीटर. त्याच वर्षी गोंदिया–डोंगरगड चौथ्या लाइनीलाही. डबल, डबलिंग. फोर, फोर्थ. शब्द येत राहतील.

फाटकावरचा प्रायव्हेट नंबर मात्र फाटकाबरोबर जाईल.

२६
वर्गाच्या कपाटात एक लांब वही आहे. डावीकडं मुलांनी ऐकलेला शब्द जसा ऐकला तसा, मध्ये त्याचं इंग्रजी, उजवीकडं कुणी सांगितला आणि ते काय काम करत. मागच्या मार्चअखेर २१८ शब्द झाले. सिलीपाट पहिल्या पानावर आहे.

ज्यांच्या घरी कुणी गँगमन, कीमन, सांधेवाले, फिटर, केबिनमन होते किंवा आहेत, त्यांनी एवढं करावं. त्यांच्याजवळ बसून त्यांचे शब्द उतरवून घ्यावेत. उच्चार दुरुस्त करू नयेत. शेजारी तारीख घालावी. ही माणसं वाट पाहत असतात, आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.